उभ्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी का उतरते : कारण शोधण्याचा योग्य क्रम

कॅम्पर व्हॅन आठ-दहा दिवस उभी राहते, बॅटरी उतरते, नवी बॅटरी आणली जाते आणि महिनाभरात तीही उतरते. हा अनुभव अनेकांना येतो आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ शोधाच्या चुकीच्या क्रमात सापडते. लोक थेट फ्यूज उपसू लागतात. त्या वेळी गाडीतील कंट्रोलर, म्हणजे निरनिराळी कामे सांभाळणारे छोटे संगणक, अजून जागे असतात, छतावरचे सोलर पॅनेल बॅटरीला जोडलेलेच असते, बॅटरी स्वतः चांगली आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसते, आणि मीटरवर दिसणाऱ्या आकड्याला मग काहीच अर्थ उरत नाही.

बॅटरी उतरण्यामागे मुळात तीन शक्यता असतात. एक तर ती पूर्ण भरलीच जात नाही. किंवा ती जुनी झाल्यामुळे भरलेले धरून ठेवत नाही. किंवा ती धडधाकट आणि भरलेली असूनही एखादे उपकरण तिच्यातून गुपचूप करंट ओढत राहते. सकाळी किल्ली फिरवल्यावर तिन्हींचे लक्षण एकच दिसते. गळतीचा शोध किमान अर्धा दिवस खातो, म्हणून पहिल्या दोन शक्यता आधी निकालात काढायच्या आणि मगच तिसरीकडे वळायचे.

या लेखात दोन बॅटऱ्यांचा उल्लेख वारंवार येईल. सेल्फ मारण्यासाठी असलेली ती इंजिनची बॅटरी, आणि दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज, पंखा चालवणारी ती घरची बॅटरी. सर्व आकडे १२ व्होल्टच्या यंत्रणेचे आहेत.

तयारी

डीसी करंट १० अँपिअरपर्यंत मोजणारा डिजिटल मल्टिमीटर अनिवार्य आहे. त्याच्या आतील फ्यूज शाबूत आहे याची खात्री आधीच करावी, कारण तो उडालेला असेल तर मीटर निमूटपणे शून्य दाखवतो आणि गळती नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर असल्यास काम सोपे होते, मात्र तो डीसी मोजणारा हवा. केवळ एसी मोजणारा क्लॅम्प मीटर येथे निरुपयोगी आहे. चांगला डीसी क्लॅम्प मीटरही ५० मिलिअँपिअरच्या खाली फारसा भरवशाचा नसतो, म्हणून अखेरचे बारीक मोजमाप मल्टिमीटरनेच करावे.

याशिवाय टर्मिनलच्या मापाचा पाना, दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाडसर जोडवायर, चिकटपट्टी, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि एक वही एवढे साहित्य पुरते. वही अत्यावश्यक आहे. प्रत्येक आकड्यासोबत वेळ लिहिलेली नसेल, तर दुपारपर्यंत कोणता आकडा कशाचा हे सांगता येत नाही.

सावधान : अंगठी, कडे, धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा. पाना धन टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांना एकाच वेळी टेकला, तर तो क्षणात लाल होतो. चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून दारे उघडी ठेवावीत आणि जवळ ज्योत नसावी. टर्मिनल सोडवताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

पायरी १ : कोणती बॅटरी उतरते ते निश्चित करा

दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर पूर्ण भरून घ्याव्यात, चार्जर काढून किमान सहा तास थांबावे आणि दोन्हींचे व्होल्टेज थेट टर्मिनलवर मोजावे. एवढे थांबणे गरजेचे आहे, कारण चार्जिंगनंतर लगेच मोजलेले व्होल्टेज वरवरचे असते. ते १३ च्या वर दिसले तरी बॅटरी भरल्याचा तो पुरावा नव्हे. त्यानंतर सोलर वेगळे करून, गाडी नेहमी उभी राहते त्याच स्थितीत तीन दिवस ठेवावी आणि रोज एकाच वेळी दोन्ही आकडे लिहावेत.

साध्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी ढोबळ मोजपट्टी अशी : १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे रिकामी. एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली बंद लेड-ॲसिड) बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज थोडे अधिक, १२.८ च्या पुढे असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला ही मोजपट्टी अजिबात लावू नये. तिचे व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपास सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते, त्यामुळे तिच्यासाठी शंटवर (ऋण वायरीत बसवलेली, करंट मोजणारी धातूची पट्टी) चालणारा बॅटरी मॉनिटरच उपयोगी पडतो. लिथियम बॅटरी अचानक शून्य व्होल्ट दाखवू लागली, तर बहुधा तिच्या आतील संरक्षक सर्किटने तिला तोडलेले असते.

पडताळणी : एकच बॅटरी उतरत असेल तर पुढचा शोध तिच्याच बाजूला करावा. दोन्ही अगदी एकाच गतीने, बरोबरीने उतरत असतील, तर दोघींना जोडणारा रिले (विजेवर उघड-मिट होणारा स्विच) चिकटलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्याची चाचणी पायरी ७ मध्ये आहे.

पायरी २ : बॅटरी पूर्ण भरते का ते पाहा

ज्याला आपण गळती समजतो ते पुष्कळदा अपुरे भरणे असते. आदल्या रात्री बॅटरी निम्मी झाली, मधे वीस मिनिटांचा प्रवास झाला आणि गाडी पुन्हा उभी राहिली, तर गळती शून्य असूनही बॅटरी दिवसेंदिवस खाली जात राहते.

इंजिन चालू करून घरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तेथे साधारण १४.२ ते १४.७ व्होल्ट पोहोचणे आवश्यक आहे. ऑल्टरनेटरपाशी (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) १४.४ आणि मागे बॅटरीपाशी जेमतेम १३.५ दिसत असेल, तर मधली वायर बारीक आहे किंवा एखादा जोड गंजलेला आहे. इंजिनच्या संगणकाच्या हुकमावर चालणारे स्मार्ट ऑल्टरनेटर मात्र मुद्दामच व्होल्टेज कमी ठेवतात. अशा गाडीत ऑल्टरनेटरचे व्होल्टेज वाढवून घरची बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर नसेल तर घरची बॅटरी पूर्ण भरण्याची अपेक्षाच धरू नये.

पायरी ३ : बॅटरी धरते का ते तपासा

बॅटरी पूर्ण भरून तिचे ऋण टर्मिनल सोडवावे आणि ती एकटी २४ तास ठेवावी. काहीही जोडलेले नसताना तिचे व्होल्टेज १२.६ वरून १२.३ पर्यंत घसरले, तर दोष बॅटरीच्या पोटातच आहे आणि वायरिंगला हात लावण्याची गरज नाही. चांगली लेड-ॲसिड बॅटरी स्वतःहून महिन्याला काही टक्केच उतरते. उष्णतेत हा वेग वाढतो, पण एका रात्रीत तो डोळ्यांत भरण्याइतका कधीच नसतो.

व्होल्टेज टिकले तरी साठा टिकून आहे असे मात्र नव्हे. घरची बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यावर ५ अँपिअरचा स्थिर लोड, उदाहरणार्थ ६० वॅटचा दिवा, दहा तास ठेवावा. मग लोड काढून दोन-तीन तास थांबावे आणि व्होल्टेज मोजावे. बॅटरी निरोगी असल्यास आकडा १२.२ च्या आसपास येतो. दहा तास पूर्ण होण्याआधीच ती ११.५ च्या खाली गेली, तर लोड लगेच काढून चाचणी थांबवावी. तिचा निम्म्याहून अधिक साठा केव्हाच संपलेला आहे. पाणी भरावे लागणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारे साधन) प्रत्येक खाना स्वतंत्र तपासता येतो. एकाच खान्याचा आकडा इतरांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून अधिक खाली असेल, तर तो खाना गेलेला आहे.

बॅटरीच्या वरच्या झाकणावर ओलसर धूळ साचली असेल, तर मीटरचे एक टोक ऋण टर्मिनलवर आणि दुसरे झाकणाच्या प्लास्टिकवर टेकवून पाहावे. तेथे एखादा व्होल्ट दिसला तर त्या मळातूनच करंट वाहत आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने झाकण पुसावे, पण ते पाणी खान्यांत उतरू देऊ नये.

पायरी ४ : गाडीला झोपू द्या

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये. दार उघडले, बोनेट वर केले किंवा किल्ली जवळ आली की आधुनिक गाडीतील अनेक कंट्रोलर जागे होतात आणि काही अँपिअर करंट ओढू लागतात. सर्व शांत झाल्यावरही ते एकाच वेळी झोपत नाहीत, टप्प्याटप्प्याने झोपतात. काही गाड्यांना दहा मिनिटे लागतात, काहींना जवळपास तास.

चालकाकडचे दार उघडे ठेवून त्याचे कुलूप स्क्रू ड्रायव्हरने मिटलेल्या स्थितीत फिरवावे, म्हणजे दार बंद आहे असे गाडीला वाटते. बोनेटच्या कुलपाचेही तसेच करावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली बऱ्याच अंतरावर नेऊन ठेवावी. फ्यूजच्या पेटीचे झाकण आत्ताच काढून ठेवावे, कारण नंतर दार हलले तर सगळी प्रतीक्षा पुन्हा करावी लागते. मार्ग सांगणारे ट्रॅकर, डॅशकॅम, निदानाच्या सॉकेटमध्ये खोचलेले छोटे उपकरण हे सर्व नेहमी असतात तसेच राहू द्यावेत. तेच तर संशयित आहेत. आधीच काढले तर गळतीही त्यांच्याबरोबर नाहीशी होईल आणि कारण कळणार नाही.

घरच्या बाजूला नेमके उलट करावे. सोलर, बाहेरून येणाऱ्या विजेची वायर आणि चार्जर वेगळे करावेत. सोलर तोडताना आधी पॅनेल आणि मग सोलर कंट्रोलरची बॅटरीकडची बाजू, हा क्रम पाळावा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल.

पायरी ५ : गळती मोजा

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी आणि निवड डीसी करंटवर ठेवावी. जोडवायरचा एक चिमटा बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरा ऋण केबलच्या क्लॅम्पला लावावा. आता क्लॅम्प खांबावरून उचलला तरी करंट जोडवायरमधून वाहत राहतो आणि गाडी जागी होत नाही. मग मीटरचे एक टोक खांबाला, दुसरे क्लॅम्पला घट्ट लावावे आणि शेवटी जोडवायर सोडावी. सगळा करंट आता मीटरमधून जातो.

सावधान : मीटर मधे असताना सेल्फ मारू नये, इन्व्हर्टर चालू करू नये, पंप लावू नये. इन्व्हर्टर नुसता जोडतानाही त्याचे कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि मीटरचा फ्यूज उडतो. मोजमाप संपताच लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालावी. ती करंटच्या भोकात विसरून कोणी बॅटरीचे व्होल्टेज मोजायला गेले, तर ते थेट शॉर्ट सर्किट ठरते.

आकडा दर पाच मिनिटांनी लिहावा. तो पायऱ्यांनी उतरतो : आधी काही अँपिअर, मग अर्धा, मग एकदम ०.०३. सलग पंधरा मिनिटे आकडा हलला नाही की तो खरा मानावा.

इंजिनच्या बॅटरीसाठी २० ते ५० मिलिअँपिअर सर्वसाधारण मानले जाते, पण त्याचाही हिशेब करून पाहावा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६. ७० अँपिअर-तासांची बॅटरी त्यात निम्मी रिकामी होते. म्हणजे कोणताही बिघाड नसलेली गाडीही दोन महिने उभी राहिल्यावर सुरू होणार नाही, आणि तेथे शोध घेण्यासारखे काही नसते; बॅटरी तोडून ठेवणे किंवा तिला लहान चार्जर लावणे हाच इलाज आहे. घरच्या बाजूला २०० मिलिअँपिअरची गळती असेल, तर १०० अँपिअर-तासांची लेड बॅटरी सुमारे दहा दिवसांत निम्मी होते. तुमची गाडी किती दिवसांत उतरते ते या हिशेबाशी जुळवून पाहावे. हिशेब जुळत नसेल तर मोजमाप चुकले आहे, किंवा करंट ओढणारे उपकरण मधूनच चालू होते आहे.

पायरी ६ : गळतीची शाखा शोधा

लगेच फ्यूज उपसू नयेत. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्यांवर टोके टेकवावीत. आकडा शून्य असेल तर त्या फ्यूजमधून करंट वाहत नाही; शून्य नसेल तर ती शाखा जागी आहे. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ०.१ अँपिअर गेला तरी तेथे एक मिलिव्होल्टहूनही कमी दिसते, म्हणून दशांश मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. या पद्धतीत काहीही तोडावे लागत नाही, त्यामुळे झोपलेली गाडी झोपलेलीच राहते.

संशयित फ्यूज सापडले की ते एकेक काढून मुख्य मीटरवरचा आकडा किती घटतो ते लिहावे. काढलेला फ्यूज लगेच परत खोचू नये. फ्यूज परत बसताच कंट्रोलर जागा होतो आणि आकडा पुन्हा वर जातो. तेव्हा काढलेले फ्यूज चिकटपट्टीवर क्रमाने लावून ठेवावेत आणि शेवटी एकत्र बसवावेत.

घरच्या बाजूला नेहमी सापडणारे गुन्हेगार असे : गॅसचा अलार्म, डिजिटल व्होल्टमीटर असलेले यूएसबी सॉकेट, पिवळी आणि लाल वायर उलटसुलट जोडलेला रेडिओ, इंटरनेटचा राउटर, हीटरचा कंट्रोल पॅनेल, पायरीखालचा दिवा आणि कपाटाच्या आत लागून राहिलेला दिवा. एकेकाचा करंट किरकोळ वाटतो, पण बेरीज सहज पाव अँपिअरवर जाते. गॅस, घरगुती वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रीज १२ व्होल्टवर राहून गेला, तर तो एकटाच दहा अँपिअरहून अधिक ओढतो आणि एका रात्रीत बॅटरी रिकामी करतो.

पायरी ७ : फ्यूजच्या पेटीला वळसा घालून जाणाऱ्या वायरी

सगळे फ्यूज काढले, मुख्य स्विच बंद केला, तरी आकडा उतरत नाही, अशी वेळ अनेकदा येते. माझ्या व्हॅनमध्ये मीटर ०.९७ अँपिअर दाखवत होता. बारा फ्यूज एकामागून एक काढल्यावर तो ०.८६ वर आला आणि तेथेच थांबला. सीटखालची पेटी पूर्ण उघडून हात आत घातला, तर इन्व्हर्टरचे धातूचे अंग कोमट लागले. त्याच्या भिंतीवरच्या पॅनेलमधला छोटा दिवा जळून गेला होता, म्हणून तो बंद आहे असे मी धरून चाललो होतो. त्याच्या जाड वायरी मात्र स्वतःच्या मोठ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला गेलेल्या होत्या. त्या सोडवून फ्यूज परत बसवल्यावर आकडा ०.११ झाला. दिवसाला वीस अँपिअर-तास नुसत्या तयार राहण्यात जात होते.

तेव्हापासून मी बॅटरीच्या खांबावरची प्रत्येक वायर मोजतो आणि तिचे दुसरे टोक कोठे जाते ते डोळ्यांनी पाहतो. वायरवर चिकटपट्टी लावून नाव लिहावे. ज्या वायरचे नाव सांगता येत नाही, ती शोध संपेपर्यंत संशयित समजावी. बॅटरी मॉनिटर असलेल्यांनी हेही तपासावे की एखादी ऋण वायर शंट ओलांडून थेट खांबाला लागलेली नाही ना, कारण तसे असल्यास तिचा करंट मॉनिटरला दिसतच नाही.

आता दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले. इंजिन बंद, सोलर तोडलेले, मीटर दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर आळीपाळीने लावायचा आणि घरचे सर्व दिवे व पंप चालू करायचे. या चाचणीआधी पायरी ५ मधील करंटचे मोजमाप काढून ऋण केबल पूर्ववत जोडलेली असावी. घरच्या बॅटरीबरोबर इंजिनच्या बॅटरीचेही व्होल्टेज खाली आले, तर रिले उघडत नाही. त्याचे संपर्क चिकटले आहेत किंवा त्याच्या कॉइलला सतत वीज मिळत आहे. व्होल्टेज पाहून जोडणारे रिले साधारण १३.३ ला जोडतात आणि १२.८ च्या आसपास तोडतात. उन्हात सोलरमुळे व्होल्टेज वर राहिले की असा रिले दिवसभर जोडलेला राहतो आणि एका बाजूची गळती दुसऱ्या बॅटरीलाही खाते. डीसी-टू-डीसी चार्जर असल्यास इंजिन बंद केल्यावर त्याची इग्निशनची वायर खरोखर शून्य होते का ते पाहावे. ती चुकून कायम चालू वायरीला जोडलेली असेल, तर चार्जर उभ्या गाडीतही इंजिनची बॅटरी उपसून मागे नेत राहतो.

पायरी ८ : इंजिनच्या बाजूला फ्यूजने न थांबणारी गळती

इंजिनच्या बाजूचे सर्व फ्यूज निर्दोष निघाले आणि तरी काहीशे मिलिअँपिअर वाहत असतील, तर ऑल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असण्याची शक्यता विचारात घ्यावी. आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे, मग ऑल्टरनेटरची जाड धन वायर काढून तिच्या टोकावर चिकटपट्टीचे अनेक थर गुंडाळावेत आणि त्यानंतरच मीटर पुन्हा ऋण बाजूला लावावा. गाडी झोपल्यावर आकडा कोसळलेला दिसला, तर कारण सापडले. ही वायर बॅटरीला सतत जोडलेली असते, म्हणून ऋण न सोडता तिला पाना लावणे धोक्याचे आहे.

ट्रेलरच्या सॉकेटमध्ये शिरलेले पाणीही येथे आठवावे. हिरवट गंज दिसला तर सॉकेट सोडवून पुन्हा मोजावे.

पायरी ९ : दुरुस्ती करा आणि पुन्हा मोजा

थेट जोडलेल्या उपकरणांना हाताने तोडता येईल असा स्विच बसवावा. इन्व्हर्टरसाठी तो त्याच्या पूर्ण करंटच्या क्षमतेचा हवा. एक अपवाद मात्र मी आग्रहाने सांगेन. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वीज वाचवण्यासाठी कायमचे तोडू नयेत. गाडीत कोणी झोपणार नसेल तेव्हाच ते बंद व्हावेत आणि माणूस आत आला की आपोआप चालू व्हावेत, अशी त्यांची जोडणी मुख्य स्विचच्या मागे करावी.

दुरुस्तीनंतर पायरी ४ आणि ५ पुन्हा कराव्यात, मग बॅटरी भरून पायरी १ मधील तीन दिवसांच्या नोंदी परत घ्याव्यात. एक कारण सापडले की शोध थांबवण्याचा मोह होतो, पण एकाच गाडीत दोन गळत्या असणे मुळीच दुर्मीळ नाही. माझे उरलेले ०.११ अँपिअर गॅसच्या अलार्ममध्ये आणि एका यूएसबी सॉकेटमध्ये विभागलेले होते. शेवटी मिळालेला झोपेतला आकडा, तारीख आणि त्या वेळी जोडलेल्या उपकरणांची नावे कागदावर लिहून तो कागद बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढे कधी नवे उपकरण बसवले की त्याच्या शेजारी नवा आकडा लिहावा.